बारदानातला लांडगा

‘सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही’ ही म्हण व्यापारी घरातल्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडत असते. आपण तिचा उत्तरार्ध तेवढा लक्षात ठेवतो. पूर्वार्धाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. सोंग आणता येते हे खरे, पण ते आणण्यासाठीही कष्ट, निरीक्षण आणि कसब लागते. एकेकाळी आपल्या गावांच्या बाजारपेठेत बहुरूपी येत असत. कधी पोलीस बनून, कधी साधू बनून ते दुकानाच्या पायरीशी उभे राहत. दुकानदार क्षणभर फसे, मग हसे आणि बहुरूप्याच्या हातावर काही ठेवी. ती दाद त्याने केलेल्या निरीक्षणाला असे.

आता सोंगाचा हंगाम येतो तो शाळांच्या स्नेहसंमेलनांबरोबर. डिसेंबर-जानेवारीत बारामती आणि इंदापूरच्या घराघरांतून वेशभूषा स्पर्धेची तयारी सुरू होते. शिवाजी महाराज, झाशीची राणी, शेतकरी, डॉक्टर, भाजीवाली ही नेहमीची सोंगे आहेतच. परंतु आता मुलगा दुसरी-तिसरीत गेला, की ‘मला लांडगा-माणूस व्हायचे आहे’ असा हट्टही ऐकू येऊ लागला आहे. अर्ध्या देहाने माणूस आणि अर्ध्या देहाने लांडगा असलेले हे पात्र मुलांनी पडद्यावर पाहिलेले असते. आईपुढे प्रश्न पडतो, की हे करायचे कसे? आणि आजीपुढे त्याहून मोठा प्रश्न उभा राहतो, की आपल्या घरात असल्या हिंस्र प्राण्याचे सोंग हवेच कशाला?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या दुकानात, घरात आणि गावाबाहेरच्या माळरानावर सापडतात.

हे पात्र आले कोठून?

लांडगा झालेल्या माणसाची कथा मुळात युरोपातली. ग्रीक पुराणात लायकेऑन नावाचा राजा आहे. देवाची परीक्षा पाहण्यासाठी त्याने पाहुण्याच्या पानात नरमांस वाढले आणि त्या पापाची शिक्षा म्हणून तो लांडगा झाला, असे ती कथा सांगते. म्हणजे मूळ कथेत पाप माणसाचे होते, लांडग्याचा त्यात काहीच दोष नव्हता. पुढे चित्रपटांनी ही कथा उचलली आणि ती पौर्णिमेच्या चंद्राशी घट्ट बांधून टाकली. १९४१ साली ‘द वुल्फ मॅन’ हा अमेरिकी चित्रपट आला. त्यातील लॉन चेनी धाकटे या नटाच्या चेहऱ्यावर रंगभूषाकार जॅक पिअर्स याक या प्राण्याचे केस चिकटवीत असे. १९८१ सालच्या ‘अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ या चित्रपटातील लांडगा-माणसासाठी रिक बेकर यांना रंगभूषेचे ऑस्कर मिळाले. रंगभूषेसाठी नियमितपणे दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचे ते पहिलेच वर्ष होते. आपल्याकडे महेश भट यांच्या १९९२ सालच्या ‘जुनून’मध्ये माणसाचा वाघ होत असे, तर २०२२ सालच्या ‘भेडिया’मध्ये वरुण धवनचा लांडगा झाला. आजच्या मुलांना हे पात्र ठाऊक झाले ते बहुधा येथूनच.

आपल्या परंपरेत लांडग्याचे नाव इतक्या भीतीने घेतलेले नाही. महाभारतात भीमाला ‘वृकोदर’ म्हटले आहे. वृक म्हणजे लांडगा आणि वृकोदर म्हणजे लांडग्यासारखी भूक असलेला. हे नाव कौतुकाने घेतले जाई. मराठीत मात्र ‘लांडगा आला रे आला’ एवढीच त्याची ओळख उरली आहे. त्या गोष्टीतही खोटे बोलतो तो माणसाचा मुलगाच.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर तर आपल्या मंदिरातच आहे. चोवीस तीर्थंकरांच्या लांछनांमध्ये मगर आहे, वराह आहे, सर्प आहे आणि भगवान महावीरांचे लांछन तर साक्षात सिंह आहे. समवसरणाच्या चित्रात सिंह आणि गाय वैर विसरून शेजारी शेजारी बसलेले असतात. पाठशाळेतल्या कार्यक्रमासाठी त्रिशलामातेच्या स्वप्नांतले हत्ती आणि सिंह आपल्या घरांतून पुठ्ठ्याचे आणि कागदाचे बनतच आले आहेत. तेव्हा प्राण्याचे सोंग आपल्याला परके नाही. विचार करायचा तो एवढाच, की हे सोंग कशाचे बनवायचे आणि त्यातून मुलाने काय शिकायचे.

खरा लांडगा कसा दिसतो?

बहुरूपी आधी माणूस पाहतो आणि मग त्याचे सोंग घेतो. आपणही आधी लांडगा पाहावा. त्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे माळरान लांडगा, चिंकारा, खोकड आणि तरस यांचे घर आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारा हरणांसाठी १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर, पण त्याच्या आसपासच्या उघड्या माळांवरही वन्यजीवांचा वावर असतो. अलीकडे वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ परिसरात माळरानाची सफारी सुरू केली आहे. नोंदणी करून, मार्गदर्शकाला सोबत घेऊन तेथे जाता येते.

चित्रपटातला लांडगा काळाकुट्ट, धिप्पाड आणि लाल डोळ्यांचा असतो. आपल्या माळावरचा लांडगा तसा मुळीच नाही. तो अंगाने सडपातळ, पायाने लांब. रंग वाळलेल्या गवतासारखा भुरकट, पाठीवरच्या केसांची टोके काळसर, पोट आणि गळा फिकट. डोळे पिवळसर तपकिरी, मुस्कट लांब आणि निमुळते, शेपूट खाली लोंबणारे. वजन साधारण २० किलोच्या आसपास, म्हणजे दुसरीत शिकणाऱ्या मुलाएवढेच. हे सांगितले, की मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. ज्याला तो राक्षस समजत होता, तो वजनाला त्याच्याएवढाच निघतो.

आणखी एक गोष्ट आपल्या एकत्र कुटुंबांना जवळची वाटेल. लांडग्याची पिल्ले साधारणपणे हिवाळ्यात, म्हणजे स्नेहसंमेलनांच्याच दिवसांत जन्मतात. त्यांना केवळ आई सांभाळत नाही. बाप आणि आधीच्या विणीतली मोठी भावंडेही त्यांच्यासाठी अन्न आणतात. लांडगा ओरडतो तो चंद्राकडे पाहून नव्हे. दूर गेलेल्या आप्तांना ‘मी येथे आहे’ असे कळविण्यासाठी तो साद घालतो.

कशाचे करावे आणि कशाचे करू नये

आता सामानाकडे वळू. बाजारात मिळणारे केसाळ कापड बहुधा अॅक्रिलिकचे असते. पण नकली म्हणून विकलेली फर तपासणीत खऱ्या प्राण्याची निघाल्याची उदाहरणे ब्रिटनसारख्या देशांतही घडली आहेत. शंका आली तर घरातल्या मोठ्या माणसाने दोन-चार तंतू चिमट्यात धरून जाळून पाहावेत. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली, तर ते प्राण्याचे. वितळून टणक गोळी झाली, तर कृत्रिम. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख उरली, तर सूत किंवा ताग.

फर तरी डोळ्यांना दिसते. न दिसणारे प्राणिज पदार्थ अधिक सावधपणे पाहावे लागतात. सुताराकडचा ‘सरस’ हा डिंक नव्हे, तो जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतो. चकाकीसाठी लावला जाणारा ‘चपडा’ म्हणजे लाखेच्या किड्यांचा स्राव. रंगाचे कित्येक ब्रश डुकराच्या किंवा खारीच्या केसांचे असतात. सौंदर्यप्रसाधनांतला ‘कार्माइन’ हा लाल रंग किड्यांपासून मिळतो. या चारही गोष्टींना सोपे पर्याय आहेत. सरसाऐवजी पांढरा कृत्रिम गोंद किंवा पिठाची खळ, चपड्याला फाटा, नायलॉनचा ब्रश आणि लाल रंगाला पूर्ण सुट्टी. रक्ताने माखलेले दात हे चित्रपटाचे खूळ आहे, आपल्या लांडग्याला त्यांची गरज नाही.

राहिला केसांचा प्रश्न, आणि तो आपल्या घरात कधीच सुटलेला आहे. ज्यांचे भुसार किंवा आडतीचे दुकान आहे, त्यांच्याकडे तागाची बारदाने आहेत, सुतळी आहे, दाभण आहे. कापडाच्या दुकानात मांजरपाटाचे तुकडे आणि चिंध्या आहेत. पेढीवर जुन्या वह्यांची रद्दी आहे. सुकामेव्याच्या डब्यामागे पिस्त्याची टरफले साठलेली असतात. बारदानाचा रंग तर मुळातच माळावरच्या लांडग्याचा. विकत आणावे लागते ते थोडेसे इलॅस्टिक, हातमोजे, काळा रंग आणि गोंद.

तीन रविवारांची कृती

पहिला रविवार डोक्यासाठी. पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा लहान मुलाला देऊ नये. त्याला धड दिसत नाही, घाम येतो, बोलताही येत नाही. त्याऐवजी पुढे पट्टी असलेली जुनी सुती टोपी घ्यावी आणि लांडग्याचे मुस्कट त्या पट्टीवर बसवावे. लांडग्याचा चेहरा वर कपाळावर येतो आणि खाली मुलाचा स्वतःचा चेहरा उघडा राहतो. माणूस आणि लांडगा एकाच वेळी दिसतात. लांडगा-माणूस म्हणजे हेच तर आहे.

मुस्कटासाठी खोक्याचा पुठ्ठा कापून सुमारे १० सेंटीमीटर लांबीचे निमुळते नळकांडे करावे आणि ते दोऱ्याने टोपीच्या पट्टीला शिवावे. कानांसाठी ९ सेंटीमीटर उंचीचे दोन त्रिकोण कापून मध्ये किंचित दुमडावेत. त्यावर कागदाच्या लगद्याचा पातळ थर द्यावा. सकाळी रद्दीचे बारीक तुकडे गरम पाण्यात भिजवावेत, दुपारी ते कुटून पिळून घ्यावेत आणि मैद्याच्या ताज्या खळीत मळावेत. पूर्वी घरोघरी टोपल्या-सुपल्या लिंपताना लगद्यात मेथीची पूड घालत. चिकटपणासाठी आणि कीड लागू नये म्हणून तीच पद्धत येथे उपयोगी पडते. खळीत मोरचूद घालण्याची चाल आहे, पण ते विष आहे आणि हे सोंग मुलाच्या तोंडाजवळ येणार आहे, म्हणून ते कटाक्षाने टाळावे. खळ रात्रभर ठेवू नये, लागेल तेवढीच दिवसा करावी. शिळी खळ आंबते आणि आपल्या आचारातही ती बसत नाही. लगद्याचा थर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळला, की टोपी हलकी आणि टणक होते. कागदाच्या लगद्याची ताकद किती असते हे पाहायचे असेल, तर जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आठवावा. त्या उत्सवात देवादिकांचे भलेमोठे मुखवटे लाकडाप्रमाणेच कागदाच्या लगद्याचेही असतात.

दुसरा रविवार केसांसाठी. बारदानाला तेलकट वास असतो, म्हणून ते आधी सोड्याच्या पाण्यात धुऊन दोन दिवस उन्हात टाकावे. मग त्याचे तंतू उसवून सुमारे १२ सेंटीमीटर लांबीचे झुबके करावेत. काही झुबके चहाच्या पाण्यात, काही गेरूच्या पाण्यात बुडवावेत आणि पाठीसाठी असलेल्यांची फक्त टोके काळ्या रंगात बुडवावीत. एकच रंग दिला, तर ती पायपुसणी वाटते. तीन छटा मिसळल्या, की ती कातडी वाटू लागते.

झुबके शिवण्याची एक रीत आहे. घरावर कौले चढविताना आपण खालून वर जातो, तसेच येथेही करायचे. सर्वांत खालची ओळ आधी शिवावी, तिच्यावर ३ सेंटीमीटर अंतराने दुसरी, तिच्यावर तिसरी. वरची ओळ खालच्या ओळीचे टाके झाकत जाते. टोपीवर शिवताना केसांची दिशा मुस्कटाकडून मागे, मानेकडे असावी. उलटी दिशा झाली, तर लांडग्याचे अस्वल होते.

तिसरा रविवार अंगासाठी. सगळे अंग केसांनी झाकण्याची गरज नसते. मोठ्या भावाचा जुना फुल शर्ट घ्यावा, छाती आणि कोपरांपाशी तो फाडावा आणि त्या फटींतून केस बाहेर आल्यासारखे दिसेल अशा बेताने आतून मांजरपाटाच्या तुकड्यावर झुबके शिवावेत. गळ्याशी, मनगटाशी आणि पाठीच्या मध्यावरून उतरणारी एक पट्टी एवढे पुरे. ताग अंगाला टोचतो, म्हणून आत मलमलीचे अस्तर विसरू नये. सुती हातमोज्यांच्या बोटांवर काळी रंगवलेली पिस्त्याची टरफले चिकटवली, की नखे तयार होतात. जुन्या पायजम्याची एक नळी चिंध्यांनी भरून ४० सेंटीमीटरची शेपटी करावी. मुस्कटावर डोळ्यांच्या जागी पिवळसर तपकिरी प्लॅस्टिकची दोन बटणे लावावीत, आणि मुलाच्या नाकाच्या शेंड्यावर काजळाचे एक बोट. हे काजळ आदल्या दिवशी मनगटावर लावून पाहावे.

दोन गोष्टींची दक्षता

पहिली दक्षता आगीची. पिंजलेला ताग कापसासारखा पेट घेतो. स्नेहसंमेलनाच्या मंचावर दीपप्रज्वलनाची समई असते, कोठे फटाके असतात, कोठे तापलेले दिवे. या वेशातले मूल ज्योतीपासून दूर राहील याची जबाबदारी घरातल्या एका मोठ्या माणसाने नावानिशी घ्यावी. शर्टाला गुंड्यांऐवजी दाबून बसणारी चिकटपट्टी लावावी, म्हणजे एका झटक्यात तो अंगातून काढता येतो. पडद्यामागे पाण्याची बादली असावी. याबाबतीत काटकसर आणि भिडस्तपणा दोन्ही नकोत.

दुसरी दक्षता भीतीची. प्रेक्षकांत बालवाडीतली मुलेही असतात. अंधारातून किंचाळत धावून जाणे म्हणजे अभिनय नव्हे. समोरच्याला भेदरवून मिळालेली टाळी घरी आणू नये, हे मुलाला आधीच सांगावे. मनाला होणारी इजा हीदेखील इजाच आहे.

मंचावर काय बोलावे?

वेशभूषा स्पर्धेत मुलाला दोन-चार वाक्ये बोलावी लागतात. ‘मी पौर्णिमेला लांडगा होतो आणि माणसांना खातो’ असे बोलणारी मुले पुष्कळ असतील. आपल्या मुलाने निराळे बोलावे. उदाहरणार्थ:

‘मी इंदापूरच्या माळरानावरचा लांडगा. चित्रपटात मी फार मोठा दिसतो, पण माझे वजन तुमच्या वर्गातल्या मुलाएवढेच आहे. वाघाला बघायला तुम्ही लांब जाता, मी तर तुमच्या तालुक्यातच राहतो. वाघाला जो कायदा राखतो, तोच मलाही राखतो. माझ्या अंगावरचा हा केस कोणाच्याही अंगावरून काढलेला नाही. तो माझ्या बाबांच्या दुकानातल्या बारदानाचा आहे.’

यातील प्रत्येक वाक्य खरे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाबरोबर लांडगाही आहे. असे असले तरी देशभरात मिळून लांडग्यांची संख्या सुमारे तीन हजारच मानली जाते. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि गावकुत्रा यांच्या संकराची प्रजा असल्याचे जनुकीय तपासणीतून पुढे आले आहे. कुत्र्यांचे रोग लांडग्यांत पसरण्याचा धोका निराळाच. धनगराच्या कळपातले मेंढरू लांडग्याने नेले, तर त्या गरीब माणसाचे नुकसान खरे असते. त्यासाठी वनविभाग भरपाई देतो आणि ती त्याला वेळेवर मिळणे हेही लांडगा वाचविण्याचेच काम आहे.

येथे व्यापारी घरांशी निगडित असा एक मुद्दा आहे. माळरानाला आपण ‘पडीक’ म्हणतो. त्यावर झाड नाही, पीक नाही, म्हणून ती जमीन रिकामी आहे असे आपल्या खतावणीला वाटते. सातबाऱ्यावर लांडग्याचे नाव नसते, चिंकाऱ्याचे नसते, माळटिटवीचेही नसते. प्लॉट पाडताना, गोदाम बांधताना, अगदी पुण्य म्हणून उघड्या माळावर झाडे लावतानासुद्धा आपण कोणाचे तरी घर मोडत असतो. गवत हेच ज्यांचे अरण्य आहे, त्यांना दाट झाडी परकीच असते. पाणी गाळून पिणाऱ्या, पावले जपून टाकणाऱ्या समाजाने जमिनीचा व्यवहार करतानाही तेवढीच जपणूक केली, तर तिचे फळ कडबनवाडीपासून सुप्यापर्यंत दिसेल.

स्पर्धेत क्रमांक येवो अथवा न येवो. संमेलन संपल्यावर शर्ट झटकून ठेवावा, पुढच्या वर्षी धाकट्याला होईल. टोपी दुकानातल्या खुंटीवर टांगावी. गिऱ्हाईक विचारेल, ‘शेठ, हे काय?’ त्या वेळी उत्तर मुलालाच देऊ द्यावे. आणि सुट्टीच्या एखाद्या पहाटे, घरातील सर्वांनी मिळून त्याला खऱ्या लांडग्याचे माळरान दाखवून आणावे. लांडगा दिसेलच असे नाही. ओल्या मातीत त्याच्या पंजाचा ठसा दिसला, तरी ज्याने तीन रविवार बसून ते केस एकेक करून शिवले आहेत, ते मूल तो ठसा ओलांडून पुढे जाणार नाही, खाली बसून पाहील.